बापाच्या नावासकट

उमरीहून रशियाला डॉक्टरकी शिकायला निघालो, तेव्हा एजंटानं सामानाची लांबलचक यादी दिली होती. तिथल्या माणसांशी कसं वागायचं, याबद्दल मात्र चकार शब्द नाही. अण्णाभाऊ साठ्यांचं ‘माझा रशियाचा प्रवास’ वाचून गेलो होतो. पण अण्णाभाऊ १९६१ साली पाहुणे म्हणून गेले होते, आम्ही वोल्गोग्रादला मुक्कामी.

तिथं शिक्षकाला सर-मॅडम म्हणत नाहीत. त्याचं नाव आणि पुढं बापाचं नाव घ्यायचं, आडनाव गाळायचं. अंतराळवीर युरी गागारिनला अदबीनं हाक मारायची तर ‘युरी अलेक्सेयेविच’, म्हणजे अलेक्सेयचा मुलगा युरी. अंतराळवीर तेरेश्कोव्हाबाई ‘व्हॅलेंतिना व्लादिमीरोव्हना’. लग्नानंतर बाईचं आडनाव बदललं तरी बापाचं नाव हलत नाही, हे मला फार आवडलं. आपल्याकडं पोरीचं लग्न झालं की कागदोपत्री बाप जातो आणि त्या जागी नवरा येतो.

रस्त्यात, दुकानात कुणी उगाच हसत नाही. आमची पोरं म्हणायची, ‘लई रागीट लोकं आहेत.’ तसं नाही. कारणाशिवायचं हसू त्यांना खोटं वाटतं. उमरीच्या स्टेशनावर शेजारी बसलेला माणूस पाच मिनिटांत गाव, जात, पोरंबाळं विचारून घेतो. तिथल्या ट्राममध्ये कुणी तोंड उघडत नाही. पण म्हातारं माणूस चढलं की तरणं पोरगं न सांगता उठतं. आणि थंडीत डोक्याला टोपी नसली, तर अनोळखी आजीबाई भर रस्त्यात अशी झापते की घरची आठवण यावी!

घरी बोलावलं तर रिकाम्या हातानं जायचं नाही, बूट दारातच काढायचे. फुलं न्यायची ती विषम संख्येत. जोडीची फुलं मयताला. आपला आहेर ५१ किंवा १०१ असतो, तसंच. उंबऱ्याच्या अल्याड-पल्याड उभं राहून हात मिळवायचा नाही, आधी आत यायचं. हे आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “मग शहाणीच हायेत की माणसं!” लांबच्या प्रवासाला निघताना सगळे मिनिटभर गप्प बसतात, मग उठतात.

एक गोष्ट मात्र वेगळी सांगावी लागते. वोल्गोग्राद म्हणजे जुनं स्टालिनग्राद. १९४२-४३ च्या लढाईत इथलं क्वचितच एखादं घर माणूस न गमावता सुटलं. मामायेव टेकडीवरच्या स्मारकापाशी खिदळणं त्यांना खपत नाही, आणि खपू नये.

पोराला तिकडं धाडणाऱ्या आईबापांना माझं एक सांगणं आहे. शिक्षणाच्या पुढच्या वर्षांत त्याला वॉर्डात रुग्णासमोर उभं राहावं लागतं. बहुतेक रुग्णांना इंग्रजी येत नाही, आणि त्यांनाही बापाच्या नावासकटच हाक मारावी लागते. रशियन मुळाक्षरं ३३च आहेत. तेवढी इथंच शिकवून पोराला विमानात बसवा.