वधूच्या हातातील फुले

विवाहविधीच्या पुस्तकात वधूच्या पुष्पगुच्छाला स्थान नाही. उलट संमतीच्या वेळी वधूवरांना उजवे हात एकमेकांच्या हाती द्यावयाचे असल्याने तो गुच्छ करवलीकडे सोपवावा लागतो. त्यामुळे आम्ही या वस्तूकडे छायाचित्रकाराची एक सोय म्हणूनच पाहत आलो. तसे एकदा प्रवचनातून बोललोही होतो.

वसईतील एका धर्मग्रामात असताना एक मुलगी ईस्टरनंतरच्या लग्नाची नोंद करावयास आली. तिचे वडील फुलबागाईतदार. पहाटे फुले तोडून लोकलने दादरच्या बाजारात नेण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. आता पक्षाघाताने घरी बसलेले. "फादर, बुके मी घरच्याच फुलांचा बांधणार," ती म्हणाली. "बाबांची फुले आजवर दुसऱ्यांच्याच लग्नांना गेली." आम्ही मान डोलावली आणि वेळेवर या, एवढेच बजावले.

आदल्या संध्याकाळी त्या घरी जाणे झाले, तेव्हा ओटीवर शाळाच भरली होती. खाटेवरून बाबा अडखळत सांगत होते, मुलगी करीत होती. निशिगंधाचे दांडे तिरके कापून बादलीत ठेवलेले. मोगऱ्याला लांब देठ नाही, म्हणून टपोऱ्या पण मिटलेल्या कळ्या बारीक तारेत ओवायच्या. रात्रीतून त्या उमलतात. सोनचाफा मात्र पहाटेच तोडायचा आणि सर्वांत शेवटी खोवायचा, कारण पाकळी चुरगळली की काळी पडते. मग एक दांडा मुठीत उभा धरून प्रत्येक पुढचा त्यावर एकाच दिशेने तिरका ठेवीत जायचे आणि गुच्छ हातातल्या हातात फिरवायचा. वर फुले गोल बसतात, खाली देठ पसरतात, आणि जिथे ते एकमेकांना छेदतात तिथेच गाठ मारायची. तिने आणलेला दोरा बाबांनी नाकारला. दोरा देठाला कापतो. केळीचे सोपट भिजवून घे, म्हणाले. साटीनची फीत त्यावरून, ती केवळ लोकांसाठी!

दुसऱ्या दिवशी वरात वीस मिनिटे उशिरा आली. शेवटची गाठ बाबांना स्वतः मारायची होती. एक टोक दातांत, दुसरे डाव्या हातात. हे आम्हांस मागाहून कळले. दारात आम्ही एवढेच म्हणालो, "फुलांपायी मिस्सा खोळंबविलीत." बाबा खुर्चीत बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

मिस्सेनंतर वधू आपला गुच्छ मरियामातेच्या चरणी वाहते, ही आपल्याकडील जुनी आणि आमच्या मते सुंदर रीत. इंग्लंडच्या राजघराण्यात १९२३ साली एलिझाबेथ बोझ-लायन या वधूने वेस्टमिन्स्टर ॲबीत शिरतानाच आपला गुच्छ अज्ञात सैनिकाच्या समाधीवर ठेवला होता. तिचा भाऊ १९१५ साली महायुद्धात पडला होता. तेव्हापासून तेथील राजवधूंचे गुच्छ त्या समाधीवर जातात.

आमची वधू मातेच्या वेदीपाशी गेली, गुडघे टेकले, मोगऱ्याची एक तार सोडवून तेथे ठेवली. मग उरलेला गुच्छ घेऊन मधल्या वाटेने परत आली आणि तो बाबांच्या मांडीवर ठेवला.

आम्ही त्यांच्यापुढे जाऊन क्षमा मागितली. त्यांना बोलता येईना. डाव्या हाताने बराच वेळ चाचपडत त्यांनी एक सोनचाफा उपसला, पाकळीला बोट न लागेल असा देठाशी धरला, आणि आमच्यापुढे केला.