बोटांना पाठ झालेला कुत्रा

लातूर-सोलापूरकडच्या माळावरचा कारवानी कुत्रा पळण्यासाठीच घडला. खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांबसडक पाय आणि भरधाव सुटला की एका ढांगेत दोनदा चारी पाय जमीन सोडतील अशी कण्याची कमान. पूर्वी तो सशामागे सुटायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती शिकार गुन्हा ठरली, आणि ते योग्यच झालं. शिकार थांबली, तरी पळणं त्याच्या अंगातून गेलं नाही. शेतात राखणीला ठेवा, शहराबाहेरच्या फार्महाउसवर ठेवा, काही हललं की तो सुटतोच. वाटेत तुरीची धसकटं असतात, बाभळीचे काटे, कुसळी गवत, काटेरी तारेची कुंपणं, कधी झाडोऱ्यात दडलेलं रानडुक्कर. इजा शिकारीच्या काळातल्याच आहेत, बदलले ते मालक. पिढ्यान्‌पिढ्या हे कुत्रे पाळणाऱ्या घरांत अंगणातल्या कुत्र्याची चाल पाहूनच कुणीतरी म्हणायचं, ‘आज याचं काहीतरी बिनसलंय.’ पिल्लू विकत मिळतं, ती नजर त्याच्याबरोबर येत नाही. म्हणून नवा मालक विचारतो, कुठल्या जखमेला काय लावायचं? माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की तुमचा कुत्रा धडधाकट असतो तेव्हा नेमका कसा असतो?

हा क्रम मी आग्रहाने मांडतो, कारण जखम दिसते तशी नसते. कारवानीची कातडी पातळ, तिच्याखाली चरबी जवळजवळ नाहीच. तारेत अडकली की कापडासारखी फाटते, आतलं लाल मांस दिसतं आणि पाहणाऱ्याचे हातपाय गळतात. तरी अशी जखम पुष्कळदा वरवरची असते आणि टाके घातले की नीट जुळून येते. उलट रानडुकराच्या सुळ्याची किंवा धसकटाची जखम बाहेरून बोटाच्या पेराएवढी दिसते. केस पुन्हा तिच्यावर बसतात, रक्तही फारसं येत नाही. आत मात्र सुळ्याने कातडी स्नायूंपासून सोडवलेली असते, माती नि केस खोल गेलेले असतात, आणि जागा छातीची असेल तर फुफ्फुसाभोवती हवा शिरत असते. त्यात भर कुत्र्याच्या स्वभावाची. पळण्याच्या भरात त्याला वेदना जाणवत नाही आणि जाणवली तरी तो क्वचितच केकाटतो. शेपूट हलवतो, पाणी पितो, घरी येऊन पडून राहतो. जखमेचा आकारही फसवतो आणि कुत्र्याचा आवाजही. मग मोजायचं कशावर? त्याच्या कालच्या स्वतःवर, दुसरं माप नाही.

ते माप आधीच घेऊन ठेवावं लागतं, आणि त्याला उपकरण म्हणजे एक तापमापक नि स्वतःची बोटं. ताप गुदद्वारातून मोजायचा. कुत्र्याचं निरोगी तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. माणसाला १०१ म्हणजे ताप, त्याला ते नेहमीचं. हे माहीत नसलं की घरातली पॅरासिटामॉलची गोळी त्याच्या पोटात जाते. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला मानवत नाहीत. पॅरासिटामॉल यकृतावर घाला घालतं, आयबुप्रोफेनने जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. धडधाकट कुत्र्याला नसलेल्या तापासाठी विष द्यायचं, ही चूक केवळ एक आकडा ठाऊक नसल्यामुळे होते. आकड्याबरोबर रंग. ओठ वर करून हिरडी बोटाने दाबावी आणि सोडावी. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी झाली पाहिजे. हिरडी मुळातच काळी असेल तर खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. मांडीच्या आतल्या अंगाला नाडी लागते. विसावलेल्या मोठ्या कुत्र्याची ती मिनिटाला साधारण ६० ते १०० असते, पण इथे पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तुमच्या कुत्र्याचा आकडा महत्त्वाचा. ज्याची नाडी रोज ७० लागते, त्याची निवांत पडलेला असताना १३० लागली आणि हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर बाहेर थेंबभर रक्त नसलं तरी आत कुठेतरी रक्तस्राव होत असण्याची शक्यता धरून निघायला हवं. चालही पाठ असावी. पुढच्या पायाने लंगडणारा कुत्रा दुखरा पाय टेकताना डोकं वर उचलतो. मागच्या पायाचं दुखणं कमरेच्या वरखाली होण्यात दिसतं.

यावर जाणती माणसं म्हणतील, आमच्या आज्याने हळद दाबून कुत्री बरी केली, त्याला कुठे तापमापक लागला? हे म्हणणं मी हलक्यात घेत नाही. त्या माणसांचे डोळे तयार होते, म्हणून ती जखमेपर्यंत वेळेत पोचत, आणि वेळेत पोचणं हा निम्मा उपचार असतो. श्रेय मात्र हळदीला गेलं. जी कुत्री आतल्या पुवाने मेली त्यांची आठवण कुणी ठेवली नाही. खोल जखमेचं तोंड हळद, राख किंवा तेलाने बुजवलं की घाण आत कोंडते. अळ्या पडल्यावर ओततात ते फिनाईल किंवा रॉकेल अळ्यांबरोबर जिवंत मांसही जाळतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सपाट दीड चमचे मीठ घालावं आणि त्याने जखम भरपूर धुवावी, हे त्याहून साधं, स्वस्त आणि निर्धोक आहे. कुत्रा चाटून जखम बरी करतो, हाही असाच अर्धा खरा समज. लाळेत जंतूंना रोखणारे घटक थोडेफार असतात, पण तोंडात जंतूही असतात, आणि खरखरीत जीभ जुळत आलेली कड पुन्हा उघडते. पट्टी बांधावी, ती चाटू देऊ नये. पायाची पट्टी असेल तर मधली दोन बोटं उघडी ठेवावीत. ती सुजली किंवा गार पडली तर पट्टी आवळली आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पशुवैद्य चाळीस किलोमीटरवर असेल तर हे सगळं ओळखून उपयोग काय? माझं उत्तर असं, की दवाखाना लांब असेल तर ओळखणं अधिकच मोलाचं ठरतं, कारण कुठल्या दुखण्याला सकाळपर्यंत थांबता येईल आणि कुठल्याला नाही, हे मालकालाच ठरवायचं असतं. फाटलेली कातडी धुऊन, ओल्या स्वच्छ कापडाने झाकून काही तास निभावता येते. पोट नगाऱ्यासारखं ताठ होऊन कुत्रा उमासे काढतो आहे आणि बाहेर काहीच पडत नाही, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. खोल छातीच्या जातींमध्ये हा धोका अधिक. त्याला घरगुती इलाज नाही आणि एक तासही दवडायचा नाही. उन्हात पळून तापमान १०५ च्या वर गेलं तर क्रम उलटा होतो. आधी साध्या पाण्याने भिजवून वारा घालायचा, मग गाडी काढायची, आणि १०३ वर आलं की भिजवणं थांबवायचं. वाहतं रक्त कापड ठेवून दाबायचं, निदान पाच मिनिटं कापड उचलून बघायचं नाही. भिजलं तर त्यावरच दुसरं. छातीत किंवा पोटात घुसलेलं धसकट उपसायचं नाही, तेच कधीकधी बूच झालेलं असतं. साप चावला तर चिरा, दोरी, चोखणं यातलं काही नको. घोणस नि फुरशाच्या दंशाला सूज आणि रक्तस्राव, नाग-मण्यारीला लुळेपणा. या चौघांवर चालणारं एकच प्रतिविष आपल्याकडे मिळतं, म्हणून साप शोधत बसू नये, कुत्र्याला उचलून न्यावं, चालवू नये. दुखऱ्या कुत्र्याचं तोंड मऊ पट्टीने बांधावं, कारण वेदनेत तो मालकालाही चावतो. मात्र उलटी होत असेल किंवा श्वास अडत असेल तर बांधू नये. आणि हा पळणारा, ग्रेहाउंडच्या धाटणीचा कुत्रा आहे, हे डॉक्टरांना सांगावं. भुलीची काही जुनी औषधं ग्रेहाउंडच्या शरीरातून फार सावकाश उतरतात.

इतकं जपलं तर मालक भित्रा होईल, ओरखड्यालाही दवाखाना गाठेल, असंही म्हटलं जातं. मला उलट वाटतं. घाबरतो तो ज्याला तुलना करायला काही नसतं. रोज संध्याकाळी कुत्रा पळून आला की शेपटीपासून नाकापर्यंत केसांच्या उलट्या दिशेने हात फिरवायला पाच मिनिटं लागतात. काख, जांघ, कानाचं आतलं अंग, पंजाच्या गाद्या, पायाच्या आतल्या बाजूचं वरचं नख. कुसळ बोटांच्या बेचक्यात शिरतं आणि पुढेच सरकत जातं, मागे येत नाही. पहिल्या दिवशी तिथे काही दिसत नाही, कुत्रा लंगडतही नाही. फक्त त्या एका बेचक्यात बोट गेलं की पंजा किंचित मागे घेतो. काल घेतला नव्हता.