आकडा चांगला होता, तरीही

२०२१ चा रमजान. अब्बा कोरोनाने दवाखान्यात होते आणि आमचे लक्ष फक्त प्लेटलेट्सकडे. डेंग्यूने ती सवय लावली होती. रिपोर्टमध्ये दोन लाख दहा हजार दिसले. अम्मींनी अल्लाहचे शुक्र मानले. तरी डॉक्टर रक्त पातळ करणारे इंजेक्शन देतच होते. आम्ही विचारले, "प्लेटलेट्स तर चांगल्या आहेत, मग हे कशाला?"

ते म्हणाले, "किती आहेत, एवढेच पाहू नका. त्या काय करताहेत, तेही महत्त्वाचे."

जखम झाली की प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून रक्त थांबवतात. कोरोनात रक्तवाहिन्यांचे अस्तर सुजते. मग बाहेर जखम नसतानाही त्या चिकटू लागतात, सूज वाढवणारी द्रव्ये सोडतात. सुजेतून गुठळी, गुठळीतून आणखी सूज. फुफ्फुसातल्या बारीक वाहिन्या अशाच तुंबतात.

ईदनंतर अब्बा घरी आले, अल्हम्दुलिल्लाह. सोबत ताकीद होती: पोटरी सुजली, दम लागला, छातीत दुखले, तर लगेच दवाखाना गाठा.

आता तापात आम्ही दुआ करतो, पण आकडा पाहून निश्चिंत होत नाही. आणि रक्त पातळ करणारी गोळी मनाने घेत नाही. डेंग्यू असेल तर तीच जिवावर बेतायची.