बंदी उठवणारा उमेदवार

चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी होती, आणि 2019 च्या विधानसभेला आमच्याकडचा एक अपक्ष ती उठवतो म्हणून मतं मागत होता. त्याचा स्वतःचा बार बंदीत गेला होता. हे तो लपवत नव्हता, उलट भाषण तिथूनच सुरू करायचा. मी तेव्हा एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवायचो. मोठ्या पक्षांच्या सभा जिल्हा प्रतिनिधीकडे आणि अपक्ष माझ्याकडे, अशी वाटणी होती. म्हणून त्याच्या जीपमध्ये, पत्रकांच्या गठ्ठ्यांशेजारी बसून, वर्धा नदीकाठची गावं मी हिंडलो.

माणूस बोलायला पक्का. वर्धा जिल्हा 1974 पासून कोरडा, गडचिरोली 1993 पासून, मधे आपण, असं तो बोटांवर मोजून दाखवायचा. मग हात नदीकडे करायचा. पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातलं वणी, चिमूरवरून पुढं गेलं की नागपूर जिल्हा, राजुऱ्याच्या खाली तेलंगणा. इतक्या वाटांनी माल येतो, मग बंदी कोणाला? नव्वदची बाटली दुप्पट भावानं घ्या, वर ती खरी की बनावट ते देवाला विचारा. बारमधल्या पोरांचा रोजगार गेला आणि त्याच वयाची पोरं आता डिक्कीत पव्वे घालून फिरतात. नागभीडचे पोलीस उपनिरीक्षक छत्रपती चिडे यांना 2018 च्या नोव्हेंबरात दारू तस्करांच्या गाडीनं चिरडलं, हेही तो सांगायचा आणि तेवढ्यापुरता आवाज खाली आणायचा. ते आवाज खाली आणणं मला खटकायचं. मुद्दा मात्र खोटा नव्हता.

एक गोष्ट तो कधीच बोलला नाही. चंद्रपूरसाठी वेगळा कायदा झालाच नव्हता. अख्ख्या राज्याला 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि दारू विकली जाते ती त्यातल्या परवान्यांवर. आमच्या जिल्ह्यातले परवाने सरकारनं बंद केले, एवढंच. ते पुन्हा सुरू करायचे तर निर्णय मंत्रिमंडळाचा. एकटा अपक्ष आमदार फार तर सभागृहात ओरडला असता. जीपमध्ये मी हे त्याला विचारलं तर म्हणाला, ‘लोकायले इतकं खोलात नको असते जी.’

लोकांना नको असेल, बायकांना हवं होतं. बंदीची मागणीच मुळात त्यांची. 2010 च्या डिसेंबरात पारोमिता गोस्वामींच्या पुढाकारानं चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर पायी मोर्चा गेला, त्यात आमच्या भागातल्या कितीतरी जणी होत्या. ग्रामसभांचे ठराव झाले. सरकार हललं ते त्यानंतर चार वर्षांनी.

अशाच एका गावात सोयाबीनची मळणी चालू होती. संध्याकाळी शेतातून परतणाऱ्या बायका जीप पाहून थांबल्या. उमेदवारानं नमस्कार केला आणि हुशारीनं त्यांच्याच बाजूनं सुरुवात केली. ‘माय, बंदी असून दारू बंद झाली का?’

‘नाई झाली,’ एक पन्नाशीची बाई म्हणाली. ‘मांगं दुकान फाट्यावर होतं. आता पोट्टं घरी आनून देते.’

‘मग? दुकान उघडलेलं काय वाईट?’

‘चोरून विकनाऱ्याले आमाले अडवता येते. बाटल्या फोडता येतात. पोलीस आले तर त्याले पकडतात. परवान्याच्या दुकानासमोर उभं राह्यलो तर कोनाले पकडतीन?’

उमेदवार हसला, हात जोडले आणि ड्रायव्हरला खूण केली. त्या पूर्ण प्रचारात त्याला गप्प करणारं हे एकच उत्तर मी ऐकलं. बंदी फसली आहे की नाही यावर शहरात तेव्हा चिक्कार वाद चालायचे आणि त्यात दोन्ही बाजू बाटल्याच मोजायच्या. या बाईनं बाटल्या मोजल्याच नव्हत्या. गुन्हेगार कोण ठरतो, ते तिनं पाहिलं होतं.

त्याच गर्दीच्या मागं मोटारसायकलला टेकून एक पोरगा भाषण ऐकत होता. धंदा काय करतो ते गावाला ठाऊक होतं, मलाही कळलं. कोणाला मत देणार, असं विचारल्यावर म्हणाला, ‘कोनालेबी देईन, पन ह्याले नाई. दुकानं उघडली तर आमी काय खावाव?’ बंदीच्या बाजूनं इतकं सरळ मत मला दुसऱ्या कोणत्याच पुरुषानं दिलं नाही.

मतदान 21 ऑक्टोबरला झालं. उमेदवाराचं डिपॉझिट गेलं. जिल्ह्याच्या ठिकाणी किशोर जोरगेवार अपक्ष म्हणूनच दणदणीत निवडून आले, पण त्यांनी गाजवला होता तो 200 युनिट मोफत विजेचा मुद्दा.

आणि तरी बंदी उठली. सरकार बदललं, विजय वडेट्टीवार पालकमंत्री झाले आणि त्यांनी हा विषय उघडपणे लावून धरला. निवृत्त प्रधान सचिव रमानाथ झा यांच्या समितीचा अहवाल आला. 27 मे 2021 ला, करोनाची दुसरी लाट ओसरत असताना, मंत्रिमंडळानं निर्णय घेतला. थोड्याच आठवड्यांत दुकानांची कुलुपं निघाली. बंदी आणण्याचा निर्णयही मंत्रिमंडळाचाच होता, पण त्याआधी बायका रस्त्यावर चालल्या होत्या. उठवताना त्यांच्यासाठी मतपेटी कुठंच ठेवली नव्हती. माझ्या लेखी या निर्णयातली खोट हीच. दारू वाईट की चांगली हा नंतरचा प्रश्न.

मतपेटी मिळते, पण ती एका दुकानापुरती. 2008 च्या नियमांनुसार गावातल्या वा वॉर्डातल्या 25 टक्के महिलांनी सह्या केल्या की मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायला आडवीला निम्म्याहून जास्त मतं लागतात, तीही झालेल्या मतदानाच्या नव्हे तर यादीतल्या एकूण मतदारांच्या. म्हणजे त्या दिवशी जी बाई निंदणाला गेली, माहेरी गेली किंवा नवऱ्यानं घरातून निघू दिली नाही, तिचंही मत हिशेबात उभ्या बाटलीलाच पडतं.