चार माणसं, एक लस

यंदा मे महिन्यात आमच्या घरात फ्लूच्या लशीचा विषय निघाला तो ताईमुळे. ती सातव्या महिन्यात पुण्याला माहेरी आलेली, सोबत सहा वर्षांचा भाचा आणि घरात अडुसष्ट वर्षांची, मधुमेह असलेली आई. तिघांना एकाच दिवशी नेऊन आणू, असं ठरवून मी चौकशीला लागलो आणि जितकं विचारत गेलो तितका गोंधळत गेलो.

औषधांच्या दुकानातल्या मुलाने फ्रीजमधून एक खोकं काढून दाखवलं. त्यावर बारीक अक्षरांत ‘सदर्न हेमिस्फिअर २०२५’ आणि खाली विषाणूंची नावं: ए/व्हिक्टोरिया, ए/क्रोएशिया, बी/ऑस्ट्रिया. दक्षिण गोलार्धाची लस आपण कशाला घ्यायची? शिवाय ‘तीनवाली’ हवी की ‘चारवाली’, हा त्याचा प्रश्न होताच.

उत्तरं मिळाली ती आमच्या डॉक्टरांकडे. जागतिक आरोग्य संघटना दरवर्षी दोनदा लशीतले विषाणू ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी. आपण नकाशावर उत्तरेत असलो तरी महाराष्ट्रात फ्लू उसळतो तो पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. त्याआधी बाजारात येणारी सर्वांत ताजी लस दक्षिणेची असते. श्रीनगरकडे साथ हिवाळ्यात येते, तिथलं गणित निराळं. टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे पाऊस सुरू होण्याआधीच काम उरकायला हवं. मी ब्रँडची नावं लिहून नेली होती, डॉक्टरांनी मात्र खोक्यावरचं वर्ष बघायला शिकवलं.

तीन-चारचा घोळ तर त्यांनी दोन वाक्यांत मिटवला. चौथा विषाणू, बी/यामागाता, मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने सापडलेलाच नाही. त्यामुळे तीनवाली मिळाली तरी काही कमी पडत नाही.

मग वयांचा हिशोब. भाच्याने ही लस आधी कधी घेतली नव्हती. नऊ वर्षांखालचं मूल पहिल्यांदाच घेत असेल तर दोन डोस लागतात, चार आठवड्यांच्या अंतराने. पुढच्या वर्षीपासून दरवर्षी एक. त्याचं वेळापत्रक सगळ्यांत आधी सुरू करायला हवं, हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. आईसाठी मी अमेरिकेतल्या मावशीकडून ऐकलेली ‘जास्त ताकदीची’ लस विचारली. तिथे पासष्टीनंतर चौपट मात्रेची लस देतात, हे खरं. आमच्या डॉक्टरांकडे नेहमीचीच होती. ती न घेता थांबण्यापेक्षा आज घेणं केव्हाही चांगलं, असं ते म्हणाले, आणि मला ते पटलं. मधुमेही माणसाचा फ्लू साध्या सर्दीतापावर निभावतोच असं नाही.

ताई घाबरली होती. पोटातल्या बाळाला काही झालं तर? डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. ‘‘इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होऊच शकत नाही. नाकात मारायची जिवंत विषाणूची लस असते, ती मात्र गरोदरपणात देत नाहीत. आणि ही तुम्ही बाळासाठीच घेताय.’’ सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची कुठलीच लस देता येत नाही. त्याला जे काही मिळतं ते आईच्या रक्तातून, जन्माआधी. हे ऐकून ताईचा चेहराच बदलला.

खासगीत ही लस स्वस्त नाही. महाराष्ट्रात गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि रक्तदाबाचे रुग्ण यांना सरकारी दवाखान्यांत ती मोफत देण्याचं धोरण २०१५ पासून आहे. ही माहिती प्रत्येक गरोदर बाईपर्यंत पोचायला हवी, असं मला फार वाटतं. जवळच्या सरकारी दवाखान्यात साठा आहे का, एवढं आधी विचारून घ्यावं.

ताईचं बाळंतपण ऐन पावसाळ्यात आहे. बाळाच्या आसपास वावरणाऱ्या सगळ्यांनीच घ्यावी, असं डॉक्टरांनी सुचवल्यावर मीही घेतली. दंड दोन दिवस दुखला, एवढंच. भाच्याचा दुसरा डोस जूनमध्ये आहे.