घरचे सात रोजे

हज एकच, तो करण्याच्या रीती तीन. केवळ हजचा संकल्प करून इहराम बांधला, तर तो इफ्राद. उमरा आणि हज एकाच इहरामात पार पाडले, तर किरान. आधी उमरा करावा, केस कापून इहराम उतरवावा, मक्केत नेहमीच्या कपड्यांत राहावे आणि जिलहिज्जच्या आठव्या तारखेला हजसाठी पुन्हा इहराम बांधावा, हा तमत्तु. त्या शब्दातच उपभोगाचा, सवलतीचा अर्थ आहे.

हिजरी १० (इ. स. ६३२) मधील पैगंबरांचा अखेरचा हज त्यांच्या बरोबर चाललेल्या माणसांनीच निरनिराळ्या तऱ्हेने सांगितला आहे. कुर्बानीची जनावरे सोबत आणल्यामुळे त्यांनी इहराम सोडला नाही; ज्यांनी ती आणली नव्हती, त्यांना मात्र उमरा करून मोकळे होण्यास सांगितले. पुढे हनफींनी किरान श्रेष्ठ मानला, हनबलींनी तमत्तु; शाफई आणि मालिकी इफ्रादच्या बाजूचे. तिन्ही रीती वैध, याविषयी मात्र या चौघांचे दुमत नाही.

आम्ही कोकणातले मुसलमान शाफई. साहजिकच घरात मान इफ्रादचा. आजोबा मुंबईहून जहाजाने गेले. (तो जलमार्ग १९९५ मध्ये बंद झाला.) यलमलमच्या समोर जहाज आले की इहराम बांधायचा, आणि हजला तर तीन आठवड्यांहून अधिक अवकाश होता. इतके दिवस, इतक्या रात्री, दोन न शिवलेल्या चादरींत उघड्या डोक्याने काढणे त्यांच्या दम्याला झेपणारे नव्हते. त्यांनी तमत्तु पत्करला. त्या सवलतीबरोबर कुर्बानीचे बंधन येते. इफ्रादला ते नाही. बकऱ्यापुरते पैसे त्यांच्यापाशी नव्हते. कुराणाने अशांसाठी दहा रोजे सांगितले आहेत: तीन हजच्या काळात, सात परतल्यावर.

ते सात रोजे त्यांनी घरी लागोपाठ पाळले. माणसे जमजमचे पाणी आणि खजूर घ्यायला दारी येत, आणि हाजीसाहेब स्वतः पाण्याचा थेंबही न घेता ओटीवर बसलेले. कोणी विचारलेच तर बकऱ्याला पैसे नव्हते, असे सरळ सांगत. भावकीतल्या एका वडीलधाऱ्यांनी ‘सोपा हज केलास’ म्हणून ऐकवले. आजीला ते अखेरपर्यंत सलत राहिले. मला तर तिन्हींत हाच कठीण वाटतो. जाणकारांनी हवे तर हसावे.

सातवा रोजा सुटल्यावर आजोबांनी ट्रंकेतून इहरामच्या चादरी काढल्या, स्वतः धुतल्या, आणि वाळल्यावर कफनासाठी म्हणून आजीच्या हवाली केल्या.