मगरीने गिळले की काय?

ऑस्ट्रेलियातील डार्विन शहरी आमचे एक स्नेही राहतात. केळीच्या लागवडीविषयी माहिती शोधताना इंटरनेटवर त्यांची ओळख झाली. प्रत्यक्ष भेटीचा योग अद्याप आलेला नाही. पण आठवड्यातून दोनदा त्यांचे पत्र संगणकावर हमखास यायचे.

२०२४ च्या मार्चअखेर आमच्या वसईच्या किल्ल्यात बिबट्या शिरला आणि एप्रिलमध्ये पिंजऱ्यात सापडला. तोवर या गृहस्थांनी आम्हांला हैराण केले. आमच्या उत्तराला एक दिवस उशीर झाला, की 'बिबट्याच्या पोटातून लिहिता का?' असा प्रश्न हजर!

म्हणून ऑगस्टमध्ये ते अकस्मात गप्प झाले, तेव्हा परतफेडीची संधी आम्ही दवडली नाही. 'मगरीने गिळले की काय?' असे विचारले. उत्तर नाही. दुसऱ्या आठवड्यात साप झाला, तिसऱ्यात कोळी. झाडावरून डोक्यावर उडी घेणाऱ्या 'ड्रॉप बेअर' नामक काल्पनिक अस्वलाची गोष्ट सांगून तिकडचे लोक नवख्यांना घाबरवतात. तेही आम्ही कामाला लावले.

वास्तविक यात फारसे भिण्याजोगे नव्हते. त्यांच्या प्रांतात १९७१ साली मगरींना संरक्षण मिळाले, त्यांची संख्या पुष्कळ वाढली. पण रहिवासी पाण्याशी जपून वागतात. सिडनीकडील फनेल-वेब कोळ्याच्या विषावर १९८१ साली उतारा निघाला, तेव्हापासून त्याच्या दंशाने कोणी दगावल्याची नोंद नाही. हे सारे ठाऊक असूनही आम्हांला रात्री झोप येईना. माणसाला गाठणाऱ्या संकटांना बहुधा दात नसतात, नखेही नसतात. त्यांच्याविषयी विचारण्याचा धीर होत नव्हता, म्हणून आम्ही मगरीला पुढे करीत होतो.

चौथ्या आठवड्यात अखेर एकच ओळ लिहिली : 'आपण बरे आहात ना? आम्हांला काळजी वाटते.'

त्याच दिवशी उत्तर आले. त्यांच्या पत्नीचे निधन झाले होते. 'तुमची सारी पत्रे वाचली,' त्यांनी लिहिले होते, 'पण थट्टेला उत्तर थट्टेनेच द्यावे लागते. तेवढे बळ नव्हते.'

आम्ही खजील झालो. थट्टा स्नेहापोटीच होती, यात शंका नाही. परंतु तिने त्यांच्यासाठी दार उघडे ठेवले नव्हते. ती एक साधी ओळ पहिल्याच आठवड्यात लिहिताना आम्हांला कोणती मगर आडवी आली होती?

आता ते पुन्हा लिहू लागले आहेत. परवाच्या पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले होते, 'तुमचा बिबट्या काय म्हणतो?' ते वाचून आम्ही कितीतरी दिवसांनी मोकळेपणी हसलो.